आवाज डाव्या चाकाचा, दुखणं उजव्या चाकाचं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात गाडीच्या पानावर ब्रेकच्या आवाजाबद्दल एक छोटं टिपण आलं होतं. त्यात मुख्य तीन गोष्टी होत्या, की ब्रेक चिरकायला लागले म्हणजे लायनर (घासून चाक थांबवणारा ब्रेकमधला थर) संपले, लायनर संपत आलं की त्यातली पत्र्याची पट्टी घासून मुद्दाम आवाज करते, आणि आवाज आला की स्वतः काही न बघता गाडी थेट सर्व्हिस सेंटरला न्या. पहिली गोष्ट कधी कधीच खरी असते, दुसरी पुढच्या चाकाला लागू होते पण मागच्याला बहुतेक गाड्यांत होत नाही, आणि तिसरी वाचून तर मी चहाचा कप खाली ठेवला आणि कागद घेतला. कारण हेच प्रकरण गेल्या चार महिन्यांत मी भोगलंय आणि त्यात माझं नशीब थोडक्यात वाचलंय.

मी अंबाजोगाईचा. शाळेत लिपिक होतो, आता रिटायर आहे, त्यामुळं गल्लीत अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात. गाडी साधी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, २०१४ची, ६२ हजार किलोमीटर झालेली. पुढं डिस्क ब्रेक, म्हणजे फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पकडणारे, मागं ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारं लायनर, आपल्याकडं छोट्या गाड्यांना जे असतं तेच. मी काही मिस्त्री नाही. सायकल आणि मोटर पंप सोडून आयुष्यात काही उघडलेलं नव्हतं.

आवाज सुरू झाला दिवाळीनंतर. पावसाळ्याच्या शेवटी मुलीकडं पुण्याला गेलो होतो एसटीनं, तीन आठवडे गाडी दारात हँडब्रेक ओढून उभी. आल्यावर सुरू केली तर पहिल्या दिवशी मागून खरखर, मग ती गेली. ती जाणारच होती, ड्रमला आतून गंज चढतो, दोनचार ब्रेक मारले की घासून निघतो, त्याला घाबरायचं नसतं. पण नंतर बारीक 'चिंव चिंव' सुरू झालं ते काही जाईना. मंडळी म्हणायची, "अहो, गाडी रडायलीय." शेजारचा पोरगा म्हणाला, काका तुम्ही कोपऱ्यावर आलात की घरात कळतंय.

मग गॅरेजला गेलो. नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत. पोरानं विचारलं आवाज कुठून यायलाय, मी म्हणलो डावीकडून, मागून. त्यानं डावं चाक खोललं, हवेच्या पाइपनं सगळी धूळ फुर्रकन उडवली, ती माझ्या नाकात, त्याच्या नाकात, लायनरवर पॉलिश पेपर मारला, चाक बसवलं, चारशे रुपये. आठ दिवस एकदम शांत. नवव्या दिवशी पुन्हा चिंव चिंव. परत गेलो तर आता मालकानं चाक न खोलताच बाहेरून बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, लायनर सेट टाकावा लागतो, ड्रम गेलेत दोन्ही, मजुरी धरून सहा हजार आठशे. मी म्हणलो उघडून दाखवा ना जरा, तर म्हणाला भाऊसाहेब, उघडल्यावर मग मजुरी लागणारच ना.

त्यात त्याचं चूक आहे असंही नाही, पण सहा हजार आठशे म्हणजे थोडं थांबून विचार करावा अशी रक्कम आहे.

माझा भाचा वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पान्याला हात लावायच्या अगोदर आवाज नेमका कधी यायलाय ते आठ दिवस वहीत लिहा." मला वाटलं हे काय शाळेसारखं, पण लिहिलं, आणि संपादक साहेब, खरं सांगतो, निम्मा रोग त्या वहीतच सापडला.

कसं असतं बघा. मागून येणारा प्रत्येक आवाज ब्रेकचा नसतो. गाडी उभी असताना डिकी दोन्ही हातांनी दाबून सोडली आणि तेव्हाच कुरकुर झाली तर तो सस्पेन्शनच्या रबरी बुशचा आवाज, ब्रेकचा काही संबंध नाही. वेगाबरोबर 'हूंऽऽ' असा वाढत जाणारा आणि वळणावर बदलणारा आवाज असेल तर बेअरिंग बघायचं. नुसता ब्रेक मारल्यावरच चिरकत असेल तर लायनरवर धूळ बसलीय किंवा ते काचेसारखं गुळगुळीत झालंय असं धरायचं. गाडी उभी असताना एकानं पेडल दाबलं आणि दुसऱ्याला चाकापाशी 'कर्र' ऐकू आलं तर आत शू, म्हणजे लायनर बसवलेला लोखंडी तुकडा, ज्या पत्र्यावर सरकतो तिथलं ग्रीस वाळलंय. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखा घर्रर्र असेल तर मग वही बंद करायची आणि गाडी जाग्यावर उभी करायची, कारण लायनर खरंच संपलंय आणि आता ड्रम खायला सुरुवात झालीय.

माझ्या वहीत काय निघालं? ब्रेक न मारता आवाज येतो. चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो, हळू चाललं की हळू, जोरात चाललं की जोरात. पेडलवर नुसता पाय टेकवला की बंद. रिव्हर्समध्ये वेगळाच सूर. आणि दोन गोष्टी मी लिहिल्या पण त्यांचा अर्थ तेव्हा कळला नाही, एक म्हणजे ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडं ओढायची, मी म्हणायचो रस्ताच उतरता आहे, आपल्याकडच्या रस्त्यांवर काहीही खपतं. दुसरी म्हणजे बॉनेटखालच्या बाटलीत ब्रेक ऑइल मी चार महिन्यांत दोनदा थोडं थोडं वर केलं होतं. ब्रेक ऑइल काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही हो. पुढचे पॅड, म्हणजे डिस्कचं लायनर, झिजले की पातळी हळूहळू उतरते तेवढं ठीक, पण चार महिन्यांत दोनदा म्हणजे ते कुठंतरी जायलंय. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

मग भाच्यानं हाताची परीक्षा सांगितली. दहाबारा किलोमीटर फिरून यायचं, मुद्दाम कमी ब्रेक मारायचे, आणि उतरल्यावर चाकाला हात न लावता नुसता जवळ धरून बघायचा. डावं चाक चांगलंच तापलेलं, उजवं गार. मी खुश, म्हणलो सापडला चोर, डावीकडं ब्रेक चिकटून राहायलाय. चोर सापडला होता पण एकच. उजवं चाक इतकं गार का, हे विचारायचं सुचलंच नाही.

आता घरी उघडायचं म्हणजे काय काय लागतं ते सांगतो, कारण हेच कुणी छापत नाही. सपाट जागा पाहिजे, उतारावर हे काम करायचंच नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, आपल्या छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांनी ओढतात म्हणून मागचं चाक मोकळं फिरतं. हँडब्रेक खाली, नाहीतर ड्रम निघतच नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक. आणि गाडीसोबत आलेल्या जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, तो पंक्चरपुरता. खाली स्टँड लावायचा, नसेल तर मागून आणायचा, मी पंक्चरवाल्याकडून दोन तासांसाठी आणला. काढलेलं चाकसुद्धा गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं, म्हणजे काही झालं तर गाडी त्याच्यावर टेकेल, माझ्या पायावर नाही. मंडळी दारात उभी राहून म्हणत होत्या, रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात.

ड्रम काही नुसत्या ओढण्यानं येत नाही. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छोटी भोकं असतात, त्यात आठ एमएमचे दोन बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा पिळायचे, ड्रम आपोआप पुढं सरकतो. ह्या बोल्टांसाठी मी हार्डवेअरच्या दुकानात वीस मिनिटं उभा होतो आणि दुकानदाराला कशाला पाहिजेत ते समजावून सांगत होतो. काही गाड्यांत मात्र बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो, तो परत किती घट्ट बसवायचा ह्याला माप असतं, तशी गाडी असेल तर घरी नका खोलू, मी स्पष्ट सांगतो.

आत उघडल्यावर काळी भुकटी. आपल्याकडची काळ्या रानाची माती अशी बारीक की ती कपाटातल्या कपड्यांत जाते तर ड्रममध्ये का नाही जाणार, त्यात लायनरची भुकटी आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागं ट्रॉल्यांची रांग लागते ती धूळ वेगळी. ही भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, श्वासातून आत गेलं तर फुप्फुसाला घातक, आणि आपल्या गाडीला कोणत्या काळातलं आणि कुठलं लायनर बसवलेलं आहे हे आपल्याला छातीठोक सांगता येत नाही, म्हणून पाणी किंवा ब्रेक क्लीनर मारून ओलं करून पुसून घ्यायचं. गॅरेजमधल्या त्या पोराची मला आता काळजी वाटते, रोज किती उडवत असेल.

आणि एक. कुणीही, अगदी गंमत म्हणूनसुद्धा, ड्रम काढलेला असताना पेडल दाबायचं नाही. आत एक छोटा सिलिंडर असतो, त्याच्या दोन बाजूंच्या पिस्टन बाहेर उडून पडतात आणि सगळं ब्रेक ऑइल अंगणात. माझ्या नातवाला ड्रायव्हरच्या सीटवर बसायची हौस, त्याला त्या दिवशी आजोळी पाठवला.

डावीकडं काय होतं ते सांगतो. शू म्हणजे कमानीसारखे दोन लोखंडी तुकडे, त्यावर लायनर चिकटवलेलं, आपल्याकडं सगळ्यालाच लायनर म्हणतात. पुढं जाताना पुढचा शू चाकाच्या फिरण्यानंच ड्रमकडं ओढला जातो आणि जास्त जोरानं धरतो, रिव्हर्समध्ये ह्याच्या उलट, मागचा जास्त धरतो. म्हणून रिव्हर्सचा सूर वेगळा होता. लायनर होतं तीन एमएम, गाडीच्या पुस्तकात एक एमएमपर्यंत चालतं लिहिलंय, म्हणजे संपलेलं नव्हतं! पण वरून काचेसारखं चमकत होतं. शू ज्या मागच्या पत्र्यावर टेकून सरकतो तिथं सहा छोट्या उंचवट्या असतात, एका शूला तीन, त्या कोरड्या ठणठणीत आणि त्यात शूच्या कडेनं चिरा पाडलेल्या. आणि मुख्य म्हणजे हँडब्रेकची जी पट्टी आत शूला लागून असते ती पूर्ण मागं जातच नव्हती, तीन एमएमची फट राहत होती. हँडब्रेक खाली सोडला तरी केबल आत अडकलेली. केबलच्या तोंडावरचं रबर फाटलेलं, तीन आठवडे हँडब्रेक ओढून गाडी पावसात उभी, पाणी आत गेलं, तार गंजली. म्हणजे शू चोवीस तास ड्रमला हलका चिकटून, घासून घासून लायनर गुळगुळीत, आणि गुळगुळीत लायनर ओरडणारच. त्या पोरानं पॉलिश पेपर मारला तेव्हा गुळगुळीतपणा गेला म्हणून आठ दिवस शांत, पण चिकटणं तसंच होतं म्हणून नवव्या दिवशी परत.

तेव्हापासून गाडी बरेच दिवस दारात सोडून गावाला जायचं असेल तर मी हँडब्रेक ओढत नाही, गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड.

मी दोन तास बसून लायनरवर पॉलिश पेपर मारला, एका दिशेनं नाही, तिरपा, चमक जाईपर्यंतच. उंचवट्या कानशीनं सारख्या केल्या आणि त्यांवर ब्रेकचं ग्रीस लावलं, तीळभर. इथं एक सांगायचंय. माझे वडील बैलगाडी चालवायचे, आसाजवळ वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, चाक कुरकुरलं की वंगण, असा सोपा हिशोब. आपल्या डोक्यात अजून तोच हिशोब बसलेला आहे, आवाज आला की तेल. मला चार जणांनी सांगितलं, भाऊसाहेब ड्रमच्या फटीतून जरा ऑइल सोडा, आवाज बंद होतोय. होतोच बंद! पण मग ब्रेकही बंद होतो. बैलगाडीचं चाक फिरावं म्हणून वंगण असतं, आणि ब्रेकचं काम चाक थांबवायचं आहे. लायनरला आणि ड्रमच्या आतल्या बाजूला तेलाचा, ग्रीसचा, अगदी तेलकट बोटाचासुद्धा डाग लागता कामा नये, आणि उंचवट्यांनाही साधं चेसिसचं ग्रीस चालत नाही, उष्णतेनं पातळ होऊन ते लायनरवर उतरतं. ब्रेकसाठी वेगळं ग्रीस मिळतं, तेच आणायचं.

एवढं करून डावीकडचं काम संपलं असं मला वाटलं होतं आणि मी चहा मागवला. उजवं चाक खोलायचा माझा अजिबात विचार नव्हता, आवाजच नाही तर कशाला. पण भाच्यानं बजावलं होतं, मामा, एका वेळी एकच बाजू खोला म्हणजे स्प्रिंग कशी होती हे विसरलात तर दुसऱ्या बाजूला बघता येईल. मी फोटो काढले होते पण माझ्या फोटोत निम्मा वेळ बोटच येतं, आणि एक पिवळी स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते काही केल्या आठवेना. म्हणून, निव्वळ नक्कल मारायला, डावं चाक नीट बसवायच्या अगोदर उजवं खोललं.

ड्रम निघाला आणि आतून ओलं.

उजवीकडचं लायनर भिजलेलं, भुकटीचा चिखल झालेला. सिलिंडरच्या टोकाला जी रबरी टोपी असते ती नखानं थोडी मागं सरकवली तर आतून थेंब घरंगळत खाली आला. आत थोडासा ओलसरपणा असला तर चालतो म्हणे, पण थेंब पडला म्हणजे सिलिंडर गळका. चार महिने मी बाटलीत वरून ओतत होतो ते इथून खाली जात होतं. भिजलेलं लायनर ड्रमवर घसरतं, धरत नाही, म्हणून ते चाक गार होतं, म्हणून गाडी डावीकडं ओढत होती, आणि म्हणूनच ते चाक गप्प होतं. भिजलेलं लायनर कधी कधी उलट एकदम चिकटूनही धरतं आणि तेही ओरडतं, पण माझं ओरडलं नाही. ओरडत होतं ते बिचारं चाक, जे निदान काहीतरी काम करत होतं.

ह्याच गाडीत मागच्या महिन्यात आम्ही पाच जण नेकनूरवरून मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला लग्नाला गेलो होतो. समोर उसाचा ट्रक, मागं ट्रक. ते आठवलं आणि मी अंगणातल्या फरशीवर बसूनच राहिलो. मंडळींनी विचारलं काय झालं, मी म्हणलो काही नाही, चहा थंड झाला.

इथं मी हात थांबवला. डावीकडचं काम कोरडं होतं, झाडलोट आणि घासणं, ते माणूस शिकू शकतो. पण सिलिंडर बदलायचा म्हणजे ऑइलची नळी खोलायची, मग सगळी हवा काढायची, त्यात चूक झाली, हवा आत राहिली, तर पेडल मऊ लागेल आणि तळाला जाईल. मी एका जुन्या मिस्त्रीला घरी बोलावलं, त्याचं दुकान नाही, झाडाखाली बसतो. तो आला, उजवं बघितलं, डावं बघितलं, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, घासलंय छान, पण फेकून द्या." कारण लायनर एका बाजूचं बदलायचं नसतं, दोन्ही चाकांचं सोबतच बदलायचं, नाहीतर एक जास्त धरणार एक कमी. भिजलेलं तर धुऊनही चालत नाही, ते आत मुरलेलं असतं. म्हणजे माझे दोन तास गेले कचऱ्यात.

थोडक्यात गॅरेजवाला जे म्हणत होता, लायनर सेट टाका, ते शेवटी टाकावंच लागलं. हे मी लपवत नाही. पण त्यानं बाकीचं नीट न बघता टाकलं असतं तर काय झालं असतं? नवीन लायनर, गळका सिलिंडर तसाच, दोन महिन्यांत नवीन लायनर भिजलं असतं, केबल तशीच अडकलेली म्हणून डावं परत गुळगुळीत. आणि ड्रम? मिस्त्रीनं दोन्ही ड्रम लेथवाल्याकडं नेऊन मापले. ड्रमवरच जास्तीत जास्त आतला व्यास किती चालतो ते कोरलेलं असतं, दोन्ही ड्रम त्याच्या आत होते, चिराही नव्हत्या, फक्त कडेला पडलेला उंचवटा काढून घेतला. म्हणजे जे चांगलं होतं ते बदलणार होते आणि जे खराब होतं ते ठेवणार होते.

हिशोब लिहितो, कारण वाचकाला तोच पाहिजे असतो. दोन सिलिंडर ८४०, लायनर सेट ९५०, हँडब्रेक केबल ४८०, ब्रेक ऑइल २१०, ग्रीस आणि क्लीनर ४६०, पॉलिश पेपर २०, मिस्त्री ५००. एकूण ३,४६०. लेथवाल्यानं पैसे घेतले नाहीत, त्याचा मुलगा आमच्या शाळेत होता.

ब्रेक ऑइलबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानदार अर्धी फोडलेली बाटली स्वस्तात द्यायला लागला, घेऊ नका. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं कोरडं डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार) कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, डॉट ४ असेल तर २३०, पण पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि घाटात ब्रेक तापले की आत उकळून वाफ होते, पेडल लोण्यासारखं मऊ. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, त्यात घाट, त्यात भरलेली गाडी. गाडीच्या बॉनेटखालच्या बाटलीच्या झाकणावर कोणतं ऑइल ते लिहिलेलं असतं तेच घालायचं, आणि गाडीच्या रंगावर सांडू द्यायचं नाही, रंग सोलून निघतो, माझ्या डाव्या मडगार्डवर एक ठिपका आहे त्याचा पुरावा म्हणून.

चाकं बसवल्यावर गाडी सुरू करायच्या अगोदर पेडल दहापंधरा वेळा दाबून घट्ट झालं का बघितलं, नट समोरासमोरचे आवळले, एकाच बाजूनं नाही, मग योगेश्वरीच्या देवळाकडं न जाता मुद्दाम उलट्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर दहाच्या वेगात दोन चकरा मारल्या. शंभर किलोमीटरनंतर नट परत एकदा बघितले. आवाज गेला. नेमका कशानं गेला विचाराल तर माझं मत केबल, मिस्त्रीचं मत ग्रीस, आणि मंडळींचं मत मी त्या दिवशी नारळ फोडला होता त्यानं.

आता तुमच्या टिपणाकडं येतो. पत्र्याची पट्टी घासून इशारा देते ती पुढच्या डिस्कच्या पॅडला असते, तीही सगळ्यांना नाही. मागच्या ड्रमला बहुतेक गाड्यांत तशी काही पट्टी नसते. तिथं लायनर संपलेलं आवाजावरून कळेल ह्या भरवशावर राहिलं तर ते थेट लोखंड घासल्यावरच कळणार. काही गाड्यांत मागच्या पत्र्याला एक रबरी बूच असतं, ते काढून बॅटरीनं लायनरची जाडी बघता येते, चाक काढायचीही गरज नाही, एवढी एक ओळ छापली असती तरी लोकांचं काम झालं असतं. आणि सर्व्हिस सेंटरला न्या म्हणता, जरूर न्या, पण दोन्ही चाकं उघडून दाखवा म्हणावं, आवाज नसलेलं सुद्धा, आणि काढलेले जुने पार्ट डिकीत टाकून द्या म्हणावं. आपल्याकडं डॉक्टरला रिपोर्ट मागायला माणूस घाबरत नाही आता, गॅरेजवाल्याला अजून घाबरतो.

गाडी धुण्याबद्दलही तुम्ही लिहिलं होतं, आठवड्याला एकदा चाकं प्रेशरनं धुवा म्हणजे आवाज येत नाही. साहेब, २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आमच्याकडं तेव्हा गाडी धुणाऱ्याकडं लोक कसे बघायचे ते तुम्हाला सांगायला नको. आणि धुतल्यानं ड्रमच्या आतलं काही निघत नाही, उलट पाणी केबलच्या फाटक्या रबरात जातं. ओलं फडकं आणि वर्षातून एकदा ड्रम उघडणं, एवढं पुरतं.

पुढच्या रविवारी त्या पानावर दुरुस्ती छापाल अशी अपेक्षा. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर माझ्या वडिलांच्या बैलगाडीचं काढा, पण उजव्या चाकाचं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड

ता. क. - गळका सिलिंडर मी फेकलेला नाही, बिस्किटाच्या डब्यात ठेवलाय. परवा तो गॅरेजवाला पोरगा रस्त्यात भेटला, म्हणाला काका गाडीचा आवाज नाही येत आता, कुठं काम केलं? मी त्याला घरी आणून डबा दाखवला. बराच वेळ हातात धरून बघत होता, मग म्हणाला, हे तर उजवीकडचं आहे, मी डावीकडचंच खोललं होतं.